भाड्याच्या घरातील कूलर, गीझर आणि गळके टिन: दुरुस्तीचा खर्च कोणी करावा?

पूर्णाकाठ

सर्वांना नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातील एका मोठ्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मुख्यालयी राहायचे म्हणून गावातच दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे टिनाखालची न्हाणी असे घर महिना 4000 रुपये भाड्याने घेतले आहे. 11 महिन्यांचा करार स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर झाला, त्याची नोंदणी केलेली नाही. करारात भाडे, अनामत रक्कम आणि घर सोडण्याची मुदत एवढेच आहे. दुरुस्तीबद्दल एक ओळही नाही. घर दाखवताना मात्र मालक काकांनी कूलर, गीझर आणि बोअरची मोटर दाखवून, 'तुम्हाला काही आणावे लागणार नाही' असे सांगितले होते आणि शेजारच्या घरांपेक्षा भाडे जास्त आहे ते याच कारणाने.

आता एप्रिल सुरू झाला आणि कूलरचा पंप बंद पडला. शिवाय ओल्या पायाने उभे राहून कूलरच्या लोखंडी पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात. गीझरचे पाणी हिवाळ्यापासूनच कोमट येते. या उन्हात त्याची कोणालाच गरज नाही हे खरे, पण पैशाचा प्रश्न तोच आहे. न्हाणीवरचे टिन गेल्या पावसाळ्यात गळत होते आणि आतल्या खोलीच्या भिंतीला कोपऱ्यापासून छतापर्यंत एवढी भेग पडली आहे की तिच्यात रुपयाचे नाणे उभे राहते. काकांचे म्हणणे असे, की जो वापरतो त्याने दुरुस्त करावे, टिनाचे पावसाळ्याच्या तोंडावर पाहू, आणि भिंतीची भेग ही कूलरचे पाणी मुरल्यामुळे पडली आहे.

संबंध चांगले आहेत. काकू आठवड्यातून एकदा तरी काहीतरी वाटीभर पाठवतात. त्यामुळे भांडायचे नाही, परंतु यांपैकी कोणता खर्च खरोखर माझा आहे आणि कोणता त्यांचा, हे मला नेमके समजून घ्यायचे आहे.

बदलीवाला

मी बँकेत असून विदर्भातील अनेक तालुक्यांत भाड्याने राहिलो आहे. करार करताना कोणीही दुरुस्तीचा विषय काढत नाही, कारण त्या वेळी तो काढणे म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणे असे दोघांनाही वाटते. ताई, घरात शिरताना वस्तूंची यादी किंवा मोबाईलवर फोटो काढले होते का? असतील तर जपून ठेवा, पुढे त्यांचाच उपयोग होईल.

दिवाणी_दावा

मी तालुका न्यायालयात वकिली करतो. खाली लिहितो ते सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावे.

पहिला प्रश्न असा, की आपल्या गावाला कोणता कायदा लागू आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून अमलात आला आणि त्याने मुंबई, मध्यप्रांत-वऱ्हाड व हैदराबाद या तिन्ही भागांतील जुने वेगवेगळे भाडेकायदे एकत्र केले. परंतु कलम 2 प्रमाणे तो अनुसूचीत नमूद केलेल्या क्षेत्रांनाच लागू होतो. ती क्षेत्रे बहुतांशी शहरे आणि नगरपालिकांची हद्द अशी आहेत, आणि शासन अधिसूचनेने आणखी भाग त्यात घालू शकते. आपले गाव ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल, तर तो कायदा आपल्याला लागू नसण्याचीच शक्यता अधिक. मग उरतो मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882.

हा फरक फार मोठा आहे. 1999 च्या कायद्यातील कलम 14 म्हणते, की भाडेकरूने काही वेगळे कबूल केलेले नसेल तर घर राहण्याजोग्या चांगल्या स्थितीत ठेवण्यास मालक बांधील आहे. भाडेकरूने किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. त्याला मर्यादा आहे ती वर्षभराच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याची. आपले भाडे 4000 धरले तर वर्षाचे 48,000 होतात आणि वळता करता येणारी रक्कम वर्षाला जास्तीत जास्त 12,000. खर्चाचा हिशेब आणि पावत्या मात्र नीट ठेवाव्या लागतात.

1882 च्या कायद्यात मालकावर असे सरसकट बंधन नाही. त्याच्या कलम 108 मध्ये भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करून खर्च वळता करण्याची सोय आहे, पण ती 'जी दुरुस्ती करण्यास मालक बांधील आहे' तिच्यापुरतीच. मालक कशाला बांधील आहे, हे करारातून ठरते आणि आपला करार त्याबाबत गप्प आहे. म्हणून शहरातील ओळखीच्यांनी 'कायदा भाडेकरूच्या बाजूने आहे' असे सांगितले, तरी ते आपल्या गावात तसेच्या तसे खरे ठरेल असे धरून चालू नये.

तरीही आपण अगदी उघड्यावर नाही. त्याच कलमाप्रमाणे, मालकाला माहीत असलेला आणि भाडेकरूला नेहमीच्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष मालकाने आधीच सांगणे बंधनकारक आहे. टिन आधीपासून गळते हे काकांना ठाऊक असेल आणि आपण घर उन्हाळ्यात घेतले असेल, तर हा मुद्दा आपल्या बाजूचा आहे. दुसरीकडे, घर ताब्यात घेतले तशा स्थितीत परत देणे ही भाडेकरूची जबाबदारी आहे, परंतु त्यातून वाजवी वापराने होणारी झीज वगळलेली आहे. वापरून वापरून पंप झिजला, तर ती झीज आपल्या डोक्यावर येत नाही.

तारजोडणी

मी वायरमन आहे. कायद्याचे नंतर पाहा. ताई, तो कूलर आजच बंद करा आणि प्लग काढून ठेवा. झिणझिण्या येतात म्हणजे पेटीपर्यंत वीज पोहोचलेली आहे. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा धक्का लागून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात आणि त्यांतील पुष्कळ प्रकार पाणी भरतानाचे किंवा कूलरखाली पुसतानाचे असतात.

कारण साधारण दोनांपैकी एक असते. पाण्यात बुडालेल्या पंपाचे किंवा पंख्याच्या मोटरीचे आवरण खराब होऊन वीज पेटीत उतरते, आणि ती जमिनीत जायला अर्थिंग नसल्यामुळे ती माणसाची वाट पाहते. खेड्यातील जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण त्याच्या वरच्या मोठ्या छिद्रामागे तारच जोडलेली नसते. काही घरांत अर्थिंगचा खड्डा असतो, पण कोळसा-मीठ घालून वर्षे झालेली असतात आणि उन्हाळ्यात तो ठणठणीत कोरडा पडतो. आम्ही फेज आणि अर्थ यांच्यामध्ये बल्ब लावून पाहतो: पूर्ण उजेड पडला तर अर्थिंग ठीक, मिणमिणला किंवा लागलाच नाही तर अर्थिंग नावापुरते. हा प्रयोग घरी कोणी करू नये.

माझ्या मते पंप बदलणे ही किरकोळ बाब आहे. अर्थिंग करणे आणि मीटरनंतरच्या मुख्य बोर्डावर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवणे हे घराचे काम आहे आणि ते मालकानेच केले पाहिजे. भाडेकरू गेला तरी खड्डा आणि बोर्ड त्यांच्याच घरात राहणार आहेत.

घरमालक_दोनखोल्या

येथे सर्वजण भाडेकरूच्या बाजूने लिहीत आहेत, म्हणून मालकाची बाजू मांडतो. माझ्याकडे अचलपूरकडच्या एका गावात रस्त्यावर दोन खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत. शेतीच्या जोडीला तेवढाच आधार. मागच्या भाडेकरूने कूलरच्या टाकीत पाणी नसताना पंप रात्रभर चालू ठेवला आणि तो जळाला. मोसम संपल्यावर ताट्या (बाजूच्या गवताच्या जाळ्या) न काढता कूलर तसाच अंगणात ठेवला, त्यामुळे तळ गंजून त्याला छिद्रे पडली. ही वापराची झीज म्हणायची का? बोअरची मोटर जळते ती रब्बीत शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडते तेव्हा, आणि अशा वेळी बटण दाबून टाकी भरण्याची घाई भाडेकरूच करतो.

वस्तू उपकार म्हणून दिली की ती हक्काची होते, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे आता मी कूलर देतच नाही. ज्याने त्याने आपला आणावा.

बदलीवाला

दादा, उपकार म्हणून दिलेल्या वस्तूचे भाडे घेतले जात नाही. येथे तर वस्तूंमुळे भाडे जास्त आहे असे ताईंनी पहिल्याच परिच्छेदात लिहिले आहे. कोरडा पंप चालवला तर तो खर्च भाडेकरूचा, यावर मात्र दुमत असण्याचे कारण नाही.

दिवाणी_दावा

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि नेमका हाच भेद कायद्यातही सापडतो.

भिंतीला किंवा इमारतीला पक्की बसवलेली वस्तू आणि हलवता येणारी वस्तू यांत फरक करावा लागतो. 1999 च्या कायद्यातील 'जागा' या संज्ञेत, घराचा चांगला उपभोग घेता यावा म्हणून इमारतीला जोडलेली साधनेही येतात. त्यामुळे भिंतीला बोल्टने आवळलेला गीझर, बोअरची मोटर, वायरिंग या गोष्टी घराचाच भाग मानता येतात. तो कायदा आपल्या गावाला लागू नसला, तरी बोलणी करताना हा निकष वापरण्यास हरकत नाही.

खिडकीबाहेर स्टँडवर ठेवलेला कूलर ही जंगम वस्तू झाली. ती भाड्यासोबत वापरायला दिली असेल, तर तो भारतीय करार अधिनियम, 1872 मधील निक्षेपाचा, म्हणजे वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात सोपवण्याचा व्यवहार ठरतो. त्याचे कलम 150 घरमालकांनी एकदा जरूर वाचावे. वस्तू मोबदला घेऊन वापरायला दिली असेल, तर तिच्यातील दोषामुळे होणाऱ्या नुकसानीस देणारा जबाबदार असतो, मग तो दोष त्याला माहीत असो वा नसो. 'मला काय माहीत कूलरला करंट येतो' हे उत्तर तेथे चालत नाही. पुढच्याच कलमात घेणाऱ्यावर बंधन आहे, की सामान्य समजूतदार माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी त्याने घेतली पाहिजे. कोरडा पंप रात्रभर चालवणारा भाडेकरू या कलमात सापडतो.

एक नमुना म्हणून केंद्राचा आदर्श भाडेकरू अधिनियम पाहता येईल. केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला 2 जून 2021 रोजी मंजुरी दिली. तो राज्याने स्वीकारल्याशिवाय कोणावरही बंधनकारक नाही, पण त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कामांची वाटणी केलेली आहे. इमारतीच्या रचनेची दुरुस्ती, भिंतींची सफेदी, दारे-खिडक्यांचा रंग, नळाचे पाइप बदलणे आणि आतील-बाहेरील वायरिंग ही मालकाची कामे आहेत. नळाचे वॉशर, मोऱ्यांची सफाई, स्विच-सॉकेट, कड्या-कुलुपे, खिडकीच्या काचा आणि गीझरची दुरुस्ती भाडेकरूकडे दिली आहे. होय, त्यात गीझर भाडेकरूच्या बाजूला आहे. ताईंना हे आवडणार नाही, पण सांगितलेले बरे.

पूर्णाकाठ

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले याबद्दल आभारी आहे. कूलरचा प्लग काढून ठेवला आहे.

गीझरचे एक कोडे आहे. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारे. पिण्याचे पाणी योजनेच्या नळाचे, परंतु न्हाणीत आणि कूलरमध्ये बोअरचेच पाणी वापरावे लागते. नळाच्या तोंडावर आणि कूलरच्या ताट्यांवर महिनाभरात पांढरा थर चढतो. मेकॅनिकने गीझर उघडला तेव्हा आतील कॉइलवर बोटाएवढा क्षार जमलेला होता. तो माझ्या वर्षभराच्या वापराने जमला की आधीच्या भाडेकरूंच्या काळापासूनचा, हे कसे ठरवायचे?

तारजोडणी

बोटाएवढा थर एका हिवाळ्यात जमत नाही, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही, कारण तुमच्या पट्ट्यातले पाणी तसेच आहे. गीझरच्या टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, जो स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवतो. तो पूर्ण झिजून नुसती तार उरली असेल तर गीझर बरीच वर्षे उघडलेला नाही, असे समजायला हरकत नाही. मेकॅनिकला तो दांडा दाखवायला सांगा आणि त्याचा फोटो काढा. एक व्यवहार्य वाटणी सुचवतो: वर्षातून एकदा क्षार काढण्याची मजुरी भाडेकरूने द्यावी, कॉइल आणि दांडा मालकाने बदलून द्यावा.

झाडीपट्टी

आमच्या भंडाऱ्याकडे कवेलूची (मातीच्या कौलांची) घरे अजून पुष्कळ आहेत आणि तेथे हा प्रश्न रूढीनेच सुटलेला आहे. रोहिणी लागायच्या आत कवेलू फेरायचे ते मालकाने. वानरांनी कवेलू फोडले तरी मालकानेच. भाडेकरूने फार तर मजुरांना चहा द्यायचा. टिनाचा नियम वेगळा का असावा, हे मला कळत नाही. टिन गळते ते बहुधा खिळ्यांच्या भोकांतून किंवा वाऱ्याने पत्रा उचलला गेल्याने. त्यात राहणाऱ्याचा काय दोष? पावसाळ्याच्या तोंडावर मजूर मिळत नाहीत, म्हणून काकांना मे महिन्यातच आठवण करावी.

घरमालक_दोनखोल्या

टिन मालकाचे, हे मलाही मान्य आहे. भिंतीचे मात्र पाहावे लागेल. कूलरचे पाणी पायाशी सांडत राहिले तर भिंत खचते, हे काका उगाच म्हणत नसतील.

दिवाणी_दावा

भिंतीबद्दल एका अभियंता मित्राला विचारून लिहितो. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. आपल्या शेतांत उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात त्या याच कारणाने. पाया पुरेसा खोल नसेल किंवा खाली मुरमाचा भराव नसेल, तर घराचा एक कोपरा खाली बसतो आणि कोपऱ्यापासून तिरकी भेग निघते. अशी भेग उन्हाळ्यात रुंद होते आणि पावसाळ्यात बरीचशी मिटते. कूलरच्या गळतीने पडलेली भेग साधारण कूलरच्या जवळच्या भिंतीत असते आणि तेथे ओल, पोपडे दिसतात.

त्यामुळे दोन गोष्टी पाहा. भेग कूलरच्या खिडकीपासून किती दूर आहे, आणि भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून आजची तारीख लिहा. ऑगस्टमध्ये ती मिटू लागली तर दोष मातीचा आणि पायाचा आहे, म्हणजेच ही रचनेची दुरुस्ती आहे. परंतु कूलर त्याच कोपऱ्यात असेल आणि त्याचे पाणी थेट पायाशी पडत असेल, तर काकांचे म्हणणे सहज झटकून टाकता येणार नाही. तसे असेल तर पाणी पाइपने आवाराबाहेर काढण्याचा खर्च आपण उचलावा.

पूर्णाकाठ

कूलर समोरच्या खोलीच्या खिडकीत आहे आणि भेग मागच्या खोलीत. मधे स्वयंपाकघर आहे. खुणा केल्या.

काल काकांशी बोलणे झाले. अर्थिंगचे ऐकल्यावर ते स्वतःच वायरमनला घेऊन आले आणि बल्ब मिणमिणला हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. अर्थिंगचा नवा खड्डा आणि आरसीसीबी ते करून देणार आहेत. पंप मी आणला, कारण ताट्या वेळेवर न बदलल्याने त्याच्यावर ताण आला असावा, हे त्यांचे म्हणणे मला पटले. गीझरबाबत ते अजून तयार नाहीत. टिनाचे 'बघू' एवढेच म्हणाले. मी एक पत्र तयार केले आहे, त्यातील मजकूर योग्य आहे का, ते कृपया पाहावे:

'आपल्या घरातील न्हाणीवरील टिन गेल्या पावसाळ्यापासून गळत असून मागील खोलीच्या भिंतीला भेग पडली आहे. तसेच गीझरची कॉइल क्षाराने निकामी झाली आहे. ही कामे 15 दिवसांत करून द्यावीत, अन्यथा मला पुढील महिन्यापासून भाडे देणे थांबवावे लागेल.'

दिवाणी_दावा

शेवटचे वाक्य काढून टाका. भाडे थांबवणे आणि केलेला खर्च भाड्यातून वळता करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली केली तर आपण थकबाकीदार ठरता आणि मालकाला घर रिकामे करून मागण्याचे कारण आयते मिळते. त्याऐवजी असे लिहा: 'सदर मुदतीत काम न झाल्यास मी ते वाजवी दराने करून घेईन आणि पावतीप्रमाणे होणारा खर्च भाड्यातून वळता करण्यास आपली संमती असावी.' करार गप्प असताना संमती लेखी मिळवणे हाच आपल्या दृष्टीने सर्वांत भक्कम मार्ग आहे. 15 दिवसांची मुदत ठेवा. आपल्याला लागू होणाऱ्या 1882 च्या कायद्यात ती सांगितलेली नसली तरी वाजवी दिसते.

भिंत या पत्रात घालू नका. तिचे काम मोठे आहे, ते 15 दिवसांत होणार नाही आणि खुणांचा निष्कर्ष पावसाळ्यानंतर निघेल. गीझरसाठी वर सुचवलेली वाटणी लिहा, म्हणजे आपणही काही उचलत आहात हे दिसेल. नवा करार करताना मात्र वस्तूंची यादी, प्रत्येकीची आजची स्थिती आणि कोणती दुरुस्ती कोणाकडे, हे परिशिष्ट म्हणून जोडा. कूलर वॉरंटीत असेल तर बिल काकांकडे असेल, त्याचा फोटो मागून घ्या.

पत्र टपालाने पाठवले तर शेजारच्या घरात पोस्टमनने पत्र नेऊन दिल्याची चर्चा गावभर होईल. दोन प्रती काढा, स्वतः नेऊन द्या आणि एका प्रतीवर 'मिळाले' असे लिहून तारखेसह सही घ्या. काकूंची सही नको. करारावर काकांची सही आहे, तर येथेही त्यांचीच घ्यावी.

पूर्णाकाठ

तसेच करते. काका उद्या बाजाराला जाणार आहेत, त्यामुळे परवा सकाळी देईन.

तारजोडणी

परवा जाल तेव्हा नव्या खड्ड्यात पाणी घालायला सांगा. उन्हाळाभर चार-आठ दिवसांनी बादलीभर पाणी लागेल, आणि ते कोणी घालायचे हेही त्याच कागदावर लिहून टाका.